‘हे अंशतः खरे आहे’: आमदाराचा प्रश्न, मंत्र्याचं उत्तर आणि मधला बाबू

डिसेंबर म्हणजे भरताचे दिवस. कुणाच्या तरी शेतावरून भरीत-पुरीचा डबा कार्यालयात आलेला असायचा, आम्ही हात धुऊन बसायचो, आणि नेमका तेव्हाच जिल्ह्याहून फोन यायचा : "एलएक्यू आलाय. संध्याकाळपर्यंत माहिती पाहिजे." एलएक्यू म्हणजे विधानसभेत विचारलेला प्रश्न. मूळ इंग्रजी नावाची ही तीन आद्याक्षरं सरकारी कचेऱ्यांत इतकी मुरली आहेत, की शिपाईसुद्धा दारातल्या माणसाला सांगतो, "साहेब आज भेटायचे नाहीत, एलएक्यू आहे."

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात बावीस वर्षं कारकुनी केली. टीव्हीवर लोकांना दिसतं ते एवढंच : आमदार उभा राहतो, मंत्री उत्तर देतो, थोडा गोंधळ होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. पण मंत्र्याच्या हातातल्या त्या कागदाचा पहिला मसुदा कुठे लिहिला जातो, हे मी जवळून पाहिलंय. पुष्कळदा तो ज्याच्याबद्दल तक्रार असते त्याच्याच टेबलावर लिहिला जातो. हे एकदा ध्यानात आलं, की विधिमंडळातले प्रश्न आणि उत्तरं वेगळीच वाचता येतात.

समजा, सातपुड्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. आमदार विधानमंडळ सचिवालयाकडे प्रश्नाची सूचना देतो. नियमात बसत असेल तर अध्यक्ष ती स्वीकारतात. मग प्रश्न मंत्रालयात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे जातो, तिथून आरोग्य सेवेच्या संचालकांकडे, तिथून नाशिकच्या उपसंचालकांकडे (जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक मंडळातच येतात), मग जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, आणि शेवटी त्याच केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. म्हणजे, असला तर! प्रश्न ह्या पायऱ्या उतरत येतो आणि उत्तर त्याच पायऱ्या चढत जातं. चढताना दर पायरीवर त्याची धार थोडी बोथट होते. खाली लिहिलेलं "तीन महिन्यांपासून डॉक्टर नाहीत" हे वर पोचेस्तोवर "पद रिक्त असले तरी पर्यायी व्यवस्था करण्यात आलेली आहे" असं झालेलं असतं. गंमत म्हणजे ह्यात खोटं कुणीच लिहिलेलं नसतं. आठवड्यातून एकदा शेजारच्या केंद्राचा डॉक्टर सही करून जातो, तीच पर्यायी व्यवस्था.

मुळात मंत्र्याने उत्तर द्यायचंच का? संविधानाच्या अनुच्छेद १६४ नुसार राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा, हिशेब आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो. त्या दिवशी ठेवायचा की काढायचा ते ठरतं. पण विहिरीची मोटर आठ दिवस बंद का, हे विचारायला मालक आखाजीची वाट बघत नाही. निवडणूक ही आखाजी आहे. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे अधला-मधला कुठलाही दिवस.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. इंग्रजांच्या काळात १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाच्या, सदस्यांना पहिल्यांदा प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तर आलं की गप्प बसायचं. उत्तरावर पुढचा प्रश्न, म्हणजे पूरक प्रश्न, विचारायची मुभा १९०९ मध्ये मिळाली, आणि तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. इतर सदस्यांनाही पूरक विचारता येऊ लागले ते १९१९ च्या कायद्यानंतर. थोडक्यात, पहिल्या प्रश्नाला राज्यकर्ते फारसे भीत नव्हते. भीती होती ती दुसऱ्या प्रश्नाची, आणि आजही तसंच आहे.

तारा कशाचा?

प्रश्नाच्या क्रमांकापाशी तारा छापलेला असला की तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं आणि त्यावर पूरक प्रश्न येऊ द्यायचे. तारा नसलेला तो अतारांकित : लेखी उत्तर मिळतं, पूरक नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. विधानसभेत खात्यांचे वार ठरलेले असतात, त्यामुळे आरोग्याचे प्रश्न आरोग्याच्या वारीच येतात. तास मात्र एकच. पहिल्या दोन-तीन प्रश्नांवर घमासान झालं की खालचे तारांकित प्रश्न तोंडी होतच नाहीत, त्यांची छापील उत्तरं पटलावर ठेवली जातात. "आमच्या भाऊंनी विधानसभेत आवाज उठवला" असा फ्लेक्स चौकात लागला, तर तो प्रश्न सभागृहात खरोखर बोलला गेला की नुसता छापला गेला, हे विचारायला हरकत नाही. छापील यादीत एकेका प्रश्नाखाली पंधरा-वीस आमदारांची नावं असतात. बोलतात त्यातले दोघे-तिघे.

अल्पसूचना प्रश्न, अर्ध्या तासाची चर्चा असे आणखी प्रकार आहेत. नेहमीच्या वाचकाला त्यांची फारशी गरज पडत नाही. लक्षवेधीची पडते, तिच्याकडे पुढे येतो.

आता प्रश्नाची भाषा बघा. पिढ्यान्‌पिढ्या ती एकाच साच्यातून निघते. आमच्याकडे आलेला एक प्रश्न मला जवळजवळ पाठ आहे. गावाचं नाव गाळतो.

"(१) अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णवाहिका उपलब्ध नसल्याने एका गरोदर महिलेस झोळीतून न्यावे लागल्याचे माहे ऑगस्टमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

आणि उत्तर :

"(१) हे खरे नाही. सदर केंद्रास रुग्णवाहिका उपलब्ध आहे. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

ती बाई झोळीतूनच गेली होती. दोन बांबू, त्यांना बांधलेली गोधडी, आलटूनपालटून खांदा देणारे चौघे. अर्ध्या वाटेवर बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, हे नशीब. रुग्णवाहिकाही होती. केंद्राच्या आवारात निंबाखाली उभी होती आणि बॉनेटवर कोंबड्या बसायच्या. चालकाचा करार संपला होता आणि नवा माणूस आला नव्हता. लॉगबुकातली शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची. गाडी "उपलब्ध" होती, त्यामुळे "उपलब्ध नसल्याने" हे खरं नव्हतं. प्रश्नकर्त्याने दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंफल्या होत्या. त्यातली एक खोटी ठरली आणि तिच्याबरोबर दुसरीही वाहून गेली. पुढचे तिन्ही भाग पहिल्यावर रेललेले, तेही कोसळले. "प्रश्न उद्भवत नाही" हे सरकारी मराठीतलं सगळ्यात आवडतं वाक्य असावं. ते मी माझ्या हाताने किती वेळा लिहिलं, मोजदाद नाही. त्या दिवशीही लिहिलं.

त्या बाईची सासू नंतर कार्यालयात आली होती, कसल्याशा अनुदानाच्या कागदासाठी. मी तिला समजावायला लागलो की मावशी, गाडी तर होती म्हणून नोंद आहे. ती म्हणाली, "गाडी ते शे भाऊ, पन डायवर कोठे शे?"

विधानसभेत विचारायला हवा होता तो प्रश्न हाच. दहा शब्दांच्या आत आणि एकही पळवाट नसलेला.

उत्तरांचा छोटा कोश

"हे खरे नाही" म्हणजे प्रश्नातला एखादा तपशील चुकलाय. सगळंच खोटं आहे असा त्याचा अर्थ नेहमीच नसतो. तारीख चुकली, गावाचं नाव शेजारच्या गावाचं पडलं, सात ऐवजी आठ आकडा आला, तरी एवढं लिहायला पुरे. "हे अंशतः खरे आहे" हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. त्यानंतरची दोन वाक्यं सावकाश वाचावीत, खरी माहिती तिथेच असते. "कार्यवाही प्रगतिपथावर आहे" म्हणजे एक पत्र गेलंय. "बाब तपासण्यात येत आहे" म्हणजे तेही गेलेलं नाही. "निधी उपलब्धतेनुसार" आलं की पुढच्या मार्चपर्यंत वाट बघा. हे अर्थ कुठल्या नियमपुस्तकात सापडणार नाहीत, माझ्या अनुभवातले आहेत. थोडा कडवटपणा त्यात आला असेल तर आला.

प्रश्नकर्त्यावरही बंधनं असतात. प्रश्नात युक्तिवाद, उपरोध, आरोप चालत नाही. "असं झालं तर सरकार काय करेल?" असली कल्पनेतली गोष्ट चालत नाही. न्यायालयापुढे असलेली बाब चालत नाही. आणि प्रश्नात लिहिलेल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी विचारणाऱ्या सदस्याची असते. म्हणून पेपरच्या कात्रणावरून घाईत तयार केलेला प्रश्न बहुधा "हे खरे नाही" ह्या दगडावर आपटतो.

आरोग्याच्या बाबतीत शब्दांचा हा खेळ फार महागात पडतो. नंदुरबारच्या कुपोषणाचंच घ्या. अक्कलकुवा, धडगाव भागातल्या बालमृत्यूंवर कित्येक अधिवेशनं गाजली. "कुपोषणामुळे किती बालकांचा मृत्यू झाला?" असं विचारलं, की उत्तर तयार असतं : कुपोषणामुळे मृत्यू झालेला नाही, निमोनिया, अतिसार, जन्मतः कमी वजन अशा कारणांनी झालेला आहे. वैद्यकीय कागदावर हे बरोबरही असतं, कारण अंगात ताकद नसलेलं लेकरू शेवटी जातं ते निमोनियानेच. कुपोषण त्याची प्रतिकारशक्ती आधीच पोखरून ठेवतं, पण मृत्यूच्या रकान्यात त्याचं नाव येत नाही. म्हणून जाणकार आमदार कारण विचारत नाही, संख्या विचारतो : अमुक महिने ते अमुक महिने, अमुक तालुक्यात, शून्य ते पाच वयोगटातले मृत्यू किती, त्यातली किती बालकं आधीच्या तपासणीत तीव्र कुपोषित, म्हणजे आमच्या भाषेत ‘सॅम’, म्हणून नोंदलेली होती, आणि त्यातल्या किती जणांना बाल उपचार केंद्रात दाखल केलं होतं. ह्या तीन आकड्यांना "प्रश्न उद्भवत नाही" म्हणता येत नाही.

देशाच्या पातळीवरचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २० जुलै २०२१ रोजी, प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल राज्यसभेत प्रश्न आला. आरोग्य राज्यमंत्र्यांचं लेखी उत्तर साधारण असं होतं : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची आकडेवारी राज्यं पाठवतात, आणि प्राणवायूच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. देशभर संताप झाला, कारण ऐकणाऱ्याने "मृत्यू झालेच नाहीत" असं ऐकलं. उत्तरात मात्र "कळवलेले नाहीत" एवढंच होतं. वरच्या फॉर्मात तो रकानाच नसेल तर खालचा माणूस कळवणार कुठे? आमच्याकडेही रोज जो तक्ता भरून जायचा त्यात वय होतं, लिंग होतं, इतर आजार होते. प्राणवायू मिळाला का, हा रकाना नव्हता.

विचारायचं कुणाला?

इथे भलेभले फसतात. "आरोग्यमंत्री" म्हणून लोक एकच माणूस समजतात. प्रत्यक्षात उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकाकडे. ही दोन्ही अखेर सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येतात. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जळगावचा माणूस आजही "सिव्हिलला नेलं" असंच म्हणतो, पण तिथल्या खाटेबद्दलचा प्रश्न आता सार्वजनिक आरोग्यमंत्र्याला विचारून भागत नाही. अंगणवाडीतला आहार महिला व बालविकासकडे, आश्रमशाळेतल्या मुलीचं आजारपण आदिवासी विकासकडे, मेडिकलमधल्या बनावट औषधाची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे. सरकारी दवाखान्यातलं औषध संपलं तर खरेदीचाही प्रश्न येतो. ती आधी हाफकिन महामंडळामार्फत व्हायची, आता २०२३ च्या कायद्याने त्यासाठी वेगळं प्राधिकरण आहे. चुकीच्या खात्याला प्रश्न गेला तर तो "हस्तांतरित" होतो, आणि हस्तांतरात अधिवेशन संपून जातं.

केंद्रात आणखी एक भिंत. सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत आहेत. त्यामुळे खासदाराने लोकसभेत दवाखान्याबद्दल काहीही विचारलं तरी उत्तराची सुरुवात बहुतेक "हा राज्यांचा विषय आहे" अशीच होते. पण राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा आपल्या राज्यात ६०:४० अशा वाट्याने येतो, त्यातले ६० केंद्राचे. त्यामुळे आशाताईचं मानधन थकलं तर प्रश्न दोन्हीकडे टाकावा. मुंबईत विचारा, राज्याने आपला वाटा कधी दिला. दिल्लीत विचारा, केंद्राचा हप्ता कोणत्या तारखेला सुटला. दोन तारखा शेजारी ठेवल्या की पैसा कुठे अडलाय ते दिसतं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पूरककडे. छापील उत्तर आधीच सदस्याच्या हातात असतं. मंत्र्याला विभाग एक वेगळी टिपणी देतो : संभाव्य पूरक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. विभागाचे अधिकारी सभागृहातल्या आपल्या कक्षात बसलेले असतात, अडलं की चिठ्ठी पाठवतात. अधिवेशन चालू असेपर्यंत तालुक्यातल्या आमच्यासारख्यांचे फोनही चालूच ठेवावे लागतात, कारण "त्या केंद्राला कुंपण आहे का?" असला सवाल अकरा वाजून वीस मिनिटांनी येऊ शकतो. टिपणीत नसलेला एक साधा प्रश्न सगळं उलगडतो. उत्तर अपुरं वाटलं तर अध्यक्ष प्रश्न "राखून ठेवतात". मंत्र्याने पूर्ण माहिती घेऊन पुन्हा यायचं. आपल्या चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या खुर्चीचं बळ बाहेरून दिसतं त्याहून जास्त असतं. कुठला प्रश्न स्वीकारायचा आणि किती पूरक येऊ द्यायचे, हे तिथे ठरतं.

लक्षवेधी सूचनेत मंत्री आधी निवेदन करतो आणि मग त्यावर प्रश्न होतात. बाब तातडीची आणि सार्वजनिक महत्त्वाची हवी. साथ पसरली, रुग्णालयात आग लागली, लसीच्या कुप्या संपल्या, तर हेच हत्यार. माझ्या मते आरोग्यासाठी तारांकितपेक्षा लक्षवेधी जास्त कामाची, कारण तिच्यात मंत्र्याला "हे खरे नाही" म्हणून खाली बसता येत नाही, घडलेलं सगळं सांगावं लागतं. आणि सांगता सांगता तोंडून काहीतरी निघतं : "महिन्याभरात पदं भरू", "वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत चौकशी करू". ते निघालं की आश्वासन झालं. आश्वासन समिती अशी वाक्यं कार्यवृत्तातून वेचते आणि पुढे काय झालं म्हणून विचारत राहते. संसदेत "मी लक्ष घालतो" एवढं म्हटलं तरी ते आश्वासनात मोजतात, आणि पुरं करायला तीन महिन्यांची मुदत असते. चुकीची माहिती जाणूनबुजून दिली तर हक्कभंगाची तलवार वेगळीच.

समित्यांचं अजून एक. पंचायती राज समिती, म्हणजे आमच्या भाषेत "पीआरसी", जिल्ह्यात येणार म्हटलं की दवाखान्यांना रात्रीतून रंग लागतो. आमदार स्वतः केंद्रात येऊन रजिस्टर उघडून बघतात, हे फार चांगलं. पण ह्या दौऱ्यांना दुसरी बाजूही आहे. मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्यावेळी धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून अधिक रोकड सापडली. ती कुणाची आणि कशासाठी, हा तपासाचा विषय. आम्ही जुनी माणसं एकमेकांकडे बघून गप्प बसलो.

प्रश्न विकतही मिळतात, हे तर देशाने पाहिलंच. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचं छुप्या कॅमेऱ्यात दिसल्यावर ११ खासदारांना संसदेतून काढलं गेलं, १० लोकसभेचे आणि १ राज्यसभेचा. त्यात एक खासदार जळगाव मतदारसंघाचा आणि एक एरंडोलचा होता. अकरातले दोन आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यातले! त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर जो तो म्हणत होता, "आपला प्रश्न तर यांनी कधी फुकटातही विचारला नाही."

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. खान्देशात विधानसभेच्या २० जागा आहेत : जळगावच्या ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४. आपला आमदार मंत्री झाला की आपण गुलाल उधळतो, आणि उधळावाच. पण त्या दिवसापासून तो प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाकावरून उठतो. मंत्री दुसऱ्या मंत्र्याला तारांकित विचारत नाही. प्रतिभाताई पाटील ह्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. १९६२ मध्ये त्या जळगावातून निवडून आल्या, नंतर एदलाबादमधून, ज्याला आता मुक्ताईनगर म्हणतात. १९६७ पासून त्या उपमंत्री होत्या आणि सार्वजनिक आरोग्य त्यांच्याकडे होतं, पुढे त्याच खात्याच्या कॅबिनेट मंत्रीही झाल्या. १९७९ मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. उत्तरं देऊन मग विचारायला बसलेल्या माणसाला पळवाटा आधीच ठाऊक असतात.

आता सामान्य माणसाने काय करायचं? आमदाराकडे निवेदन घेऊन जाताना हार-तुऱ्याबरोबर तपशीलही न्यावा : गाव, केंद्र, तारीख, वेळ, पदाचं नाव, किती दिवसांपासून. लोकसंख्येचा निकषही जोडावा. आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० मागे एक उपकेंद्र, तर सपाटीला ३०,००० आणि ५,०००. "आमच्याकडे सोय नाही" ह्यापेक्षा "निकषाप्रमाणे इतकी उपकेंद्रं हवीत, मग आहेत किती?" हे जास्त टोचतं. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. कारण विचारू नका, नोंद विचारा. आणि नोंद आधी आपल्या हातात असली तर उत्तमच.

आमच्या रुग्णवाहिकेचं पुढे तसंच झालं. त्या गावात एक पोरगा सेतू केंद्र चालवायचा. त्याने दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला आणि लॉगबुकाच्या प्रती मागितल्या. तीस दिवसांच्या आत द्याव्या लागल्या. मीच साक्षांकित केल्या. कोरी पानं साक्षांकित करताना मला जरा विचित्रच वाटलं. तो त्या घेऊन आमदाराच्या स्वीय सहायकाकडे गेला आणि पुढच्या अधिवेशनात त्याच गाडीबद्दल नवा प्रश्न आला. ह्या वेळी झोळी पहिल्या वाक्यात नव्हतीच.

"(१) अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रातील रुग्णवाहिकेच्या वाहनचालकाचे पद अमुक दिनांकापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय, (२) उक्त कालावधीत सदर वाहनाच्या लॉगबुकात किती फेऱ्यांची नोंद आहे, (३) उक्त कालावधीत सदर केंद्राच्या क्षेत्रातील किती गरोदर मातांची प्रसूती वाटेत झाली, (४) वाहनचालकाची नियुक्ती कोणत्या दिनांकापर्यंत करण्यात येणार आहे?"

पुन्हा फोन आला, पुन्हा संध्याकाळपर्यंतची मुदत. साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यात कुठे ‘उद्भवत नाही’ बसतंय का बघ रे." मी बघितलं. बसत नव्हतं. पहिल्या भागापुढे लिहिलं, "होय, हे खरे आहे." दुसऱ्यापुढे लिहिलं, "शून्य." तिसऱ्यापुढचा आकडा एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईला, फोन करून विचारावा लागला, तो आमच्या रजिस्टरात नव्हता.

चौथ्या भागाचं उत्तर लिहायला वरूनच थोडा वेळ मागून घेतला. छापून आलं तेव्हा तिथे "वाहनचालकाची नियुक्ती करण्यात आलेली आहे" असं होतं. नियुक्तीच्या आदेशावरची तारीख उत्तराच्या तारखेच्या चार दिवस आधीची होती.